मरळीच्या बरणीतला राम

"थुंकली! पुन्हा थुंकली!" शालू रडवेली झाली.

बरणीतल्या मरळ माशाच्या पिल्लाने सुकटीचा तुकडा तोंडात घेऊन लगेच बाहेर टाकला होता. बोटभर पिल्लू ते! त्याचं भावंड कालच मेलं होतं. शालूच्या दादाने, मधूने, ती दोन्ही कल्याणच्या काळ्या तलावातून आणली होती. आता मधू मुंबईच्या इस्पितळात विषमज्वराने पडला होता. जाताना "यांना जगव गं," एवढंच म्हणाला होता. हे पिल्लू गेलं तर दादाही परत येणार नाही, अशी एक वेडी भीती शालूच्या मनात घर करून बसली होती. ती भीती ती कुणाला सांगत नव्हती.

"सुकट खारट असते गो! तुला गिळवेल का मिठाचा घास?" मिठागरवाल्यांचा धाकू म्हणाला. "ही ताजी कोलंबी बघ. सोलायची, पाठीतला काळा दोरा काढायचा, तांदळाएवढी चिरायची. आणि मरळीला हलणारं लागतं. दोऱ्याला बांधून नाचव!"

मधूसाठी बोललेला नवस संपेपर्यंत घरात मासळी आणायची नाही, अशी आईची ताकीद होती. म्हणून शालू, तिची मैत्रीण जया आणि धाकू अशा तिघांनी मागच्या पडवीत गुपचूप कोलंबी चिरली. पण पिल्लू ढिम्म हललं नाही.

धाकूने बरणीत नाक घातलं. "शी! पाणी आंबलंय!"

"सकाळीच तर बदललं!" जया म्हणाली. "म्हणजे कुणीतरी यात काहीतरी टाकतंय!"

शालूने तळाचा चिखल चाचपला. हाताला चिकट कणीक लागली आणि तीत कागदाचा इवला कपटा. शाई पसरली होती, तरी आईचं अक्षर लपेना. 'राम'!

मधूसाठी आई रोज रामनामाच्या चिठ्ठ्या कणकेच्या गोळ्यांत घाली. त्या गोळ्या भर दुपारी तलावातल्या माशांना घालायचं काम त्र्यंबककाकांचं होतं.

"आईला सांगूया!" जया म्हणाली.

"काका हसण्यावारी नेतील," शालू म्हणाली. "हातोहात पकडायला हवं."

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकूने ताजी कोलंबी आणि खाडीतली एक लहानशी चिंबोरी, जिवंत खेकडी, आणली. पिल्लू घंगाळात गेलं, चिंबोरी बरणीतल्या वेलीखाली बसली आणि तिघं दाराआड दडली. दुपारची जेवणं आटोपून घर निजलं. काका आले, इकडेतिकडे पाहिलं आणि एकेक गोळी बोटाने चिखलात दाबू लागले.

"आई गं! मेलो!"

आई धावत आली. काकांच्या बोटाला चिंबोरी लोंबकळत होती! जया खुदकन हसली, पण आईचा चेहरा पाहून गप्प झाली.

"नऊ दिवस तुम्ही इथेच टाकलंत, भावोजी?"

"ऊन फार होतं, वहिनी... मासे ते मासेच की!"

"मरळ कणीक खात नाही, काका," शालू म्हणाली. "पाणी आंबलं. एक पिल्लू मेलं."

आई बरणीपाशी बसली. मग ती म्हणाली, "काय खातं ते?"

शालूने घाबरत घाबरत कोलंबीची वाटी पुढे केली. आईने तुकडे आणखी बारीक केले, धुतले आणि एक दोऱ्याला बांधला. घंगाळातल्या स्वच्छ पाण्यात तो नाचू लागला. पिल्लू वळलं, थबकलं. झडप!

"खाल्लं!" धाकू ओरडला.

"शाबास रे पोरांनो!" आई म्हणाली. "मोठ्यांना जमलं नाही ते तुम्ही केलंत. उद्यापासून नवस पुन्हा. तलावावर मी जाईन. भावोजी छत्री धरतील."

काकांनी मान खाली घातली.

शालूने आईच्या कुशीत तोंड खुपसलं आणि मनातली भीती अखेर सांगून टाकली. "वेडीच आहे ना मी?"

आईचे हात अजून ओलेच होते. "मग मी तरी कणकेच्या गोळ्या कशाला वळतेय गं?" ती म्हणाली आणि पहिल्यांदाच लेकीसमोर रडली.