दोरा घालण्याआधी

"अहो, ते खाऊ नका!"

मी दचकले. ट्युनिशियात, महदियाच्या किनाऱ्यावर, जानेवारीतल्या त्या बारीक पावसात, माझ्याशिवाय आणखी कुणी वेडं असेल असं वाटलं नव्हतं. ओल्या वाळूत एक संत्रं सापडलं होतं, मी ते अर्धं सोललंही होतं, आणि समोरून एक उंच माणूस बूट हातात घेऊन माझ्याकडे धावत येत होता.

"समुद्राने दिलंय मला," मी म्हटलं. "तुमचं काय गेलं?"

"समुद्राने नाही, मी दिलंय. म्हणजे तुम्हाला नाही... समुद्राला." तो धापा टाकत होता. "सालीवर खूण दिसली नाही?"

मी साल उलटी करून पाहिली. काळ्या शाईची एक बारीक फुली होती खरी. पण तोवर एक फोड माझ्या तोंडात गेली होती.

"खारट आहे," मी म्हटलं.

"मी चव बघायला टाकलं नव्हतं ते! प्रवाह कुठे जातो ते बघायला टाकलं होतं. संत्रं माणसासारखं तरंगतं. थोडं वर, बाकी सगळं पाण्यात. होडीतून टाकलेलं संत्रं कुठे लागलं ते कळलं, की..." तो मध्येच थांबला. "जाऊ दे. तुम्ही खा."

"अर्धं उरलंय. अर्धं कुठे लागलं ते लिहा."

तो हसला, आणि आपण हसलो म्हणून लगेच ओशाळला. असा माणूस मी पूर्वी पाहिला नव्हता. त्याचं नाव मकरम. समुद्राचे प्रवाह मोजणं हा त्याचा पेशा. आणि मला नेमका तसाच माणूस हवा होता.

माझं नाव एम्ना. मी चित्रकार, पण कित्येक वर्षांत एकटीने एकही चित्र काढलेलं नाही. मी माणसं जमवते. ज्यांच्याकडे प्रश्न आहे ती, ज्यांच्याकडे उत्तराचा तुकडा आहे ती, आणि ज्यांच्या हातात कसब आहे ती. सगळ्यांना एका छपराखाली बसवून काहीतरी शोधायचं आणि जे सापडेल ते डोळ्यांना दिसेल असं करायचं. कागदोपत्री याला कलेतलं सामूहिक संशोधन म्हणतात. ट्यूनिसला माझी आई याला नुसतं भटकणं म्हणते.

त्या हिवाळ्यात आमचं छप्पर म्हणजे महदियाच्या बंदरातला एक बंद पडलेला माशांचा कारखाना होता. भिंतींना अजून सार्डिनचा वास. मधोमध लांबलचक लाकडी चौकटीवर ताणलेलं निळं कापड, आणि त्याभोवती बसलेल्या आया. ज्यांची मुलं होडीत बसून इटलीला निघाली आणि परत आली नाहीत, पोचल्याचा फोनही आला नाही, त्या आया. महदियाच्या बायकांच्या बोटात रेशीम आहेच. एका होडीला एक दोरा, तिच्या वाटेचा, असं ठरलं होतं. पहिले दोरे त्यांनी मनाने घातले. सगळे सरळ इटलीला.

कापड सुंदर दिसत होतं. आणि एक दिवस त्यांच्यातल्याच मब्रूका मावशीने सुई खाली ठेवली. "हे आपण आपल्याला फसवतोय. खरं कुठे गेली होडी, ते कोण सांगेल?"

म्हणून मला मकरम हवा होता. किनाऱ्यावर तो नाही म्हणाला. "मी पाण्यावर काम करतो, बाई. माणसांवर नाही." आठवड्याने कारखान्याच्या दारात उभा राहिला, हातात संत्र्यांची पिशवी.

"यांच्यावर फुल्या नाहीत," तो म्हणाला. "निर्धास्त खा."

आमचा एक नियम होता, मीच घातलेला. होडी कुठे गेली असेल ते मकरमने काढलं, तरी दोरा लगेच घालायचा नाही. आधी त्या घरी जायचं, आईला समोर बसून सांगायचं. ती हो म्हणाली तरच सुई. आणि जायचं ते दोघांनी. असली बातमी एकट्याने कुणी न्यायची नाही.

तर आम्ही दोघं जाऊ लागलो. त्याची खटारा गाडी, माझ्या खांद्यावर रेशमी दोऱ्यांची पिशवी. घराघरांत जाऊन बसायचं, चहा घ्यायचा, आणि मग मकरमने बोलायचं. होडी किनाऱ्यावरून निघाली तिथून सुरुवात करायचा, सावकाश, काही न लपवता. काही आया ओरडायच्या. एकीने त्याच्या छातीवर मुठी मारल्या, तो हात मागे बांधून उभा राहिला. परतीच्या वाटेवर आम्ही कितीतरी वेळ बोलायचो नाही. मग कुणीतरी काहीतरी फालतू बोलायचं, कारण न बोलून जगता येत नाही.

"तुम्ही गाडी चालवता की होडी?" मी विचारायचे.

"प्रवाह नेईल तिकडे नेतो."

"प्रवाह मला उपाशी मारणार आहे."

मग तो रस्त्याकडेला थांबवायचा. आम्ही टपरीवर उभ्याउभ्या गरम लब्लाबी, चण्यांचं कालवण, खायचो. त्यातल्या हरिसाच्या, लाल मिरचीच्या चटणीच्या, तिखटाने माझ्या डोळ्यांत पाणी यायचं आणि तो न बोलता आपला रुमाल पुढे करायचा. त्या पाण्यातलं सगळंच हरिसाचं नसायचं, हे त्याला कळत होतं. कधीतरी 'अहो'चं 'अरे' झालं. कधी, ते मला सांगता येणार नाही, आणि आकड्यांचा माणूस असून त्यालाही येणार नाही.

आयांच्या नजरेतून काय सुटतं?

"पोरी, नजर सुईवर ठेव," मब्रूका मावशी म्हणायची. "तो काही पळून जात नाही." आणि एकदा सगळ्यांदेखत, "काय रे मकरम, हिला आईच्या दारात कधी नेतोस? तुझं शेब्बा काय लांब आहे? एकदा मुलीला आईच्या दारात उभं केलंस की लग्न ठरलंच. मग आम्ही आहोतच!"

सगळ्या हसल्या. मकरमचा चेहरा पांढरा पडला. तो उठून बाहेर पावसात जाऊन उभा राहिला.

मला वाईट वाटलं, कबूल करते. शेब्बात आम्ही दोन घरी जाऊन आलो होतो, पण स्वतःच्या गल्लीत त्याने गाडी कधी वळवली नव्हती. मला वाटलं, मी नकोय त्याला. गाडीपुरती, लब्लाबीपुरती ठीक आहे. घरापुरती नाही.

एप्रिल आला. कापड भरत चाललं, एक जागा सोडून. मब्रूका मावशीचा शुक्री ज्या होडीतून गेला, तिचा दोरा अजून नव्हता. ती दर वेळी विचारायची आणि मकरम दर वेळी म्हणायचा, "त्या रात्रीच्या वाऱ्याची नोंद मिळत नाही, मावशी." तिचा स्वतःचाच प्रश्न होता तो, तिच्यामुळे हे सगळं सुरू झालं होतं, आणि तीच स्वतःच्या उत्तरावाचून दुसऱ्यांचे दोरे घालत बसली होती. शेवटी मीच हवामान खात्यात फोन लावला. नोंद होती. त्यांनी ती केव्हाच मकरमला दिली होती.

तो धक्क्यावर गाडीशी उभा होता. मी तणतणत गेले.

"तू खोटं बोललास. माझ्या प्रकल्पात! त्या बाईशी!"

"हो."

"हो काय? का?"

"त्या होडीत वजदी होता."

"कोण वजदी?"

"माझा भाऊ. धाकटा."

माझा राग गळून पडला. सगळा हिवाळा ज्याच्याबरोबर मी जेवले, ज्याने कितीतरी घरांत बसून दुसऱ्यांच्या भावांचं सांगितलं, त्याने हे एकदाही तोंडातून काढलं नव्हतं.

"आकडेमोड मी केव्हाच केली," तो म्हणाला. "तेव्हा तू नव्हतीस, कापड नव्हतं. इंजिन बंद पडलं असणार. वाऱ्याने होडी फिरवली आणि खाली दक्षिणेला नेली. तिथल्या किनाऱ्यावर त्या आठवड्यात गावकऱ्यांनी माणसं पुरली. नावं नाहीत. जुळवून बघायला आईचं रक्त लागतं, एम्ना. आणि आई अजून त्याच्या फोनमध्ये पैसे भरते, नंबर बंद पडू नये म्हणून. मी तिला सांगितलंय, शोधतोय. दर शुक्रवारी जेवताना सांगतो... शोधतोय."

"आणि मब्रूका मावशीला सांगितलं, तर संध्याकाळपर्यंत ते शेब्बात पोचेल."

"हो."

"म्हणून आधी आईला सांगायला हवं."

"दुसऱ्यांच्या घरी मला बोलता येत होतं," तो म्हणाला. "आईसमोर मला नाही जमणार."

मला त्याला जवळ घ्यावंसं वाटत होतं. बंदरात माणसं होती. मी नुसता त्याच्या बाहीला हात लावला.

"नियम काय आहे आपला?"

"...दोघांनी जायचं."

"मग गाडी काढ."

दार त्याच्या आईने उघडलं. साल्हा मावशी, बुटकी, डोक्याला पांढरा रुमाल, हातांना संत्र्याच्या फुलांचा वास. मागे अंगणात अर्क काढण्यासाठी चादरीवर फुलं पसरली होती. तिने मकरमकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, माझ्या खांद्यावरच्या पिशवीकडे पाहिलं. मग तिने मान वर केली, तोंडाशी हात नेला आणि लग्नघरात बायका जीभ हलवून देतात ती लांब, कापती ललकारी दिली.

मब्रूका मावशीचे शब्द आठवले. आम्ही हे कसं विसरलो?

पलीकडच्या गच्चीवरून दुसरी ललकारी आली, मग तिसरी. शेजारणी धावत आल्या. माझे गाल चुंबून ओले झाले, कुणी बदाम आणले, कुणी कॉफीत फुलांचा अर्क घातला, कुणी विचारलं ट्यूनिसची का गं, कुणी म्हणालं बारीक आहे पण डोळे छान आहेत. मकरम भिंतीला टेकून उभा होता. "आई, ऐक ना..." तो दोनदा म्हणाला. "थांब रे, आधी गोड खा," ती दोनदा म्हणाली.

मग तिने टाळी वाजवली. "पुरे. आता मला माझ्या पोरांना बघू द्या." सगळ्यांना हसतहसत बाहेर काढलं, दार लावलं आणि दाराला पाठ लावून उभी राहिली. चेहऱ्यावरचं हसू राहिलं नाही.

"आई, आम्ही ज्यासाठी आलो..."

"तुम्ही दोघं कुणाच्या दारात जाता ते अख्ख्या शेब्बाला माहीत आहे, बाळा. हिची ही पिशवीसुद्धा माहीत आहे. सगळा हिवाळा मी कान लावून बसायचे, गाडी आपल्या गल्लीत वळते का म्हणून. नाही वळली की अल्लाचे आभार मानायचे."

मीच विचारलं, "मग मावशी, तुम्ही ती ललकारी..."

"दोन मुलगे माझे, आणि या घरात एकदाही दिली नव्हती," ती म्हणाली. "आता हा जे सांगणार आहे ते ऐकल्यावर माझ्या गळ्यातून ती पुन्हा निघेल की नाही, कुणास ठाऊक. म्हटलं, आधी देऊन घ्यावी." तिने डोक्यावरच्या रुमालाच्या टोकाने ओठ पुसले. "खोटी दिली की खरी, एवढं मला सांग. ते आधी. दुसरं नंतर."

मकरमने माझ्याकडे पाहिलं.

"खरी आहे, आई. म्हणजे... माझ्याकडून. हिला मी विचारलेलं नाही."

"मग विचार. मी काय जन्मभर दाराशी उभी राहू?"

"एम्ना..."

"हो," मी म्हटलं.

"अगं, मी अजून विचारलंच नाही!"

"हो म्हटलं ना."

साल्हा मावशीने माझं डोकं खाली ओढून कपाळाचं चुंबन घेतलं. तिचे हात बर्फासारखे गार होते. मग ती फुलांच्या चादरीशी जमिनीवर बसली, आम्हाला दोन बाजूंना बसवलं, आणि म्हणाली, "आता वजदीचं सांग."

त्याने सांगितलं. होडी निघाली तिथून, सावकाश, काही न लपवता, जसं सगळ्या घरांत सांगितलं होतं तसंच. मध्ये एकदा त्याचा आवाज गेला, तेव्हा मी पुढचं वाक्य सांगितलं. इतक्या घरांत ऐकून मला पाठ झालं होतं. होडी कशी फिरली, कुठे लागली, तिथे काय आहे. रक्ताचंही सांगितलं, आणि त्याच होडीत मब्रूका मावशीचा शुक्री होता तेही.

ती रडली नाही. तिने एकच विचारलं.

"पाणी फार गार होतं का रे?"

मकरमला त्या रात्रीच्या पाण्याचा आकडा माहीत होता. मलाही होता, कागदावर मी पाहिला होता.

"फार नाही, आई," तो म्हणाला.

तिने मान हलवली. माझ्या पिशवीत हात घालून एक रीळ काढलं, सुई काढली. "रक्त उद्या देऊ. मब्रूकालाही नेऊ, ती बिचारी एकटी आहे. आज तिच्याकडे तुम्ही दोघंच जाऊ नका, मी येते बरोबर. आणि हा दोरा आम्ही दोघी घालू, तुम्ही नाही."

बाहेर गल्लीत कुणीतरी डफ आणला होता. शेजारणी ललकाऱ्या देत होत्या, थांबायचं नावच घेत नव्हत्या. मकरम त्यांना गप्प करायला उठला.

"राहू दे," आई म्हणाली. "त्यांना अजून कळलेलं नाही. ओरडू दे थोडा वेळ."

तो परत खाली बसला. तिने दोरा ओला केला आणि सुईच्या नेढ्यात घालायला गेली. एकदा, दोनदा, दोरा जाईना. मग तिने सुई आणि दोरा दोन्ही माझ्या हातात दिलं, आणि मी ते ओवून तिला परत दिलं.