सुनेनं मोडलेली शपथ

“या घरात नऊ वर्षांत कोणी त्या गोष्टीचं नाव काढलं नव्हतं, आणि तू ते चारचौघांत लिहून दिलंस?” कात्री टेबलावर आपटत सासरे समोर उभ्या असलेल्या सुनेला म्हणाले...

सासरे शिंपी. रोज एक पाकीट सिगारेट ओढत त्यांनी बत्तीस वर्षं लोकांचे कोट शिवले, आणि एके दिवशी सोडली ती सोडलीच. पण नुसतं नाव निघालं तरी तल्लफ उसळायची, म्हणून सासूबाईंनी त्या शब्दालाच घरात बंदी घातली. जातानाही सुनेचा हात घट्ट धरून त्यांनी शब्द घेतला, “माझ्या गळ्याची शपथ, ह्यांच्यासमोर ते नाव काढू नकोस.” सुनेनं तो शब्द जिवापाड जपला. पाहुण्यांच्या खिशातली पाकिटंसुद्धा ती दारातच काढून घ्यायची, हो!

मग दवाखान्यात फुफ्फुसांची तपासणी सुरू झाली. पुष्कळ वर्षं ओढणाऱ्यांसाठी, आणि सोडलेल्यांसाठीही; खोकला-बिकला काही नसतानाच करायची. सुनेनं आग्रह करकरून सासऱ्यांना नेलं. त्यांनी अर्जात ‘धूम्रपान’समोर ऐटीत लिहिलं, ‘कधीच नाही’. लबाडी म्हणून नव्हे, घरचा नियमच तसा! सोबत आलेल्या मुलानंही, म्हणजे सुनेच्या नवऱ्यानंही, मान डोलावली. पण असं लिहिणाऱ्याला आत घेत नाहीत, हे सुनेनं खिडकीवरच्या पाटीवर वाचलं होतं. शपथ पाळावी तर या माणसाच्या जिवाला घोर, मोडावी तर गेलेल्या माउलीचा विश्वासघात... तिनं ते खोडलं आणि लिहिलं, बत्तीस वर्षं, रोज एक पाकीट. खिडकीतल्या बाईनं ते खणखणीत वाचलं. बाकावर बसलेली त्यांच्याच दुकानाची दोन गिऱ्हाइकं वळून बघू लागली, आणि सासरे मुकाट आत गेले, ते केवळ तमाशा नको म्हणून.

घरी आल्यावर कात्री आपटली, आणि तिथून अबोला. अबोलाही असा, की तहान लागली तर शिलाई मशीनला सांगायचे, “घशाला कोरड पडलीय बरं का.” आता मशीन कुठलं पाणी आणणार? सूनच आणायची. नवराही म्हणाला, “आईची शपथ मोडायला नको होतीस.”  रडायचं झालं तर ती नळ सोडून भांडी घासताना रडून घ्यायची. मनात एकच... हे माझ्याशी जन्मात बोलले नाहीत तरी चालेल, पण देवा, यांना आयुष्य दे.

दहाव्या दिवशी बोलावणं आलं. डाव्या फुफ्फुसात वाटाण्याएवढी गाठ होती, आणि पुढच्या तपासण्यांत ती कर्करोगाचीच निघाली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “अजून कुठे पसरलेली नाही, काढून टाकू. त्रास होईपर्यंत थांबला असतात, तर मला इतक्या धीरानं बोलता आलं नसतं. अर्ज खरा भरलात, फार बरं केलंत.”

मुलानं मान खाली घातली. 

शस्त्रक्रिया नीट पार पडली. दुसऱ्या दिवशी मुलगा उशाशी वाकला, तर सासऱ्यांनी त्याला हातानंच बाजूला केलं. “तिला बोलाव.”

सून पदरानं हात पुसत जवळ आली.

“पोरी,” त्यांना धाप लागत होती, “म्हातारा आडमुठा आहे गं... पोटात घाल. तुझ्यामुळे हा श्वास घेतोय मी.”

इतक्या दिवसांचा बांध फुटला. “बाबा, पण आईंची शपथ मोडली मी. त्यांना काय वाटलं असेल?”

सासऱ्यांनी सलाईन लावलेला हात कसाबसा उचलून तिच्या डोक्यावर ठेवला.

“ते माझ्यावर सोड. तिची भेट झाली की मीच सांगेन, तुझी शपथ सूनबाईनं मोडली, म्हणून तर मला यायला इतका उशीर झाला.”