सकाळी नकली, दुपारी अस्सल

जयश्री सावे यांच्या खासगी तपास कार्यालयात गुन्हे फारसे येत नसत. यायची ती लग्नं. मुलाचा पगार सांगतात तेवढा आहे का, सासऱ्याची चिकूची बाग खरंच सासऱ्याची आहे का, एवढ्यावर डहाणू स्टेशनजवळचं ते कार्यालय बरं चाललं होतं.

२०१७च्या जानेवारीतल्या त्या सकाळी जिन्यावर पावलं वाजली, तेव्हा जयश्रीबाईंचे मावसभाऊ अमृत चुरी खिडकीत एक निळी बाटली उन्हाला लावत होते. बँकेतून लवकर निवृत्ती घेतल्यापासून ते बहिणीचे सहायक होते. म्हणजे गाडी त्यांची होती.

"थिजलंय," ते बाटली हलवून म्हणाले. "डहाणूत राहून डोक्याला तेल लावायला दहा वाजेपर्यंत थांबायचं!"

"डोक्यावर जे चार केस राहिलेत त्यांना थांबायला वेळ आहे," जयश्रीबाई म्हणाल्या. "या, बसा."

दारात मायलेकी उभ्या होत्या. आईचं नाव तुळशी ओझरे, राहणार झरी, तालुका तलासरी. मुलगी रविना, विशीच्या आतबाहेरची, खांदे रुंद, नजर जमिनीवर.

"माझ्या पोरीला चोर बोलतात," तुळशी बसायच्या आधीच म्हणाली. "तुम्ही तपास करता ना? मग करा."

प्रकरण असं होतं. रविना डहाणूच्या रायफल क्लबची सगळ्यात चांगली नेमबाज. रविवारी पुण्यात दूर पल्ल्याची स्पर्धा होती आणि तिथून अकादमीसाठी निवड व्हायची होती. तिच्यासाठी एका बागाइतदाराने क्लबला परदेशी बनावटीचा स्कोप देणगी दिला होता, म्हणजे रायफलवर बसवायची दुर्बीण. किंमत दोन लाखांच्या वर. पुण्याला न्यायचा म्हणून विमा काढायला वापीहून जाणकार बोलावला, आणि जाणकाराने सांगितलं, हा नकली आहे.

"आणि अस्सल तू पळवलास?" जयश्रीबाईंनी विचारलं.

"मी काल दुपारी त्याच्यावरच सराव केला, मॅडम. तोच होता. पण सेक्रेटरी सर बोलतात, उद्या सकाळी पोलिसात जाणार. माझं नाव पण काढलं स्पर्धेतून."

"चला," जयश्रीबाई उठल्या. "अमृतदादा, बाटली घ्या बरोबर. तुमचा जीव इथेच राहायचा नाहीतर."

क्लब समुद्राजवळ होता. एक लांबट खोली, मागे मोकळं मैदान आणि मैदानाच्या शेवटी मातीचा बांध. सेक्रेटरी जीवन पाटकर टेबलामागे अशा थाटात बसले होते, की टेबल त्यांनाच देणगी मिळालं असावं.

"पुरावा स्पष्ट आहे, मॅडम," ते म्हणाले. "काल सकाळी मी पाहिलं, आज सकाळी वापीच्या या मनिषभाईंनी पाहिलं. दोन्ही वेळा सगळं धुरकट. आणि काल दुपारी हिचा सराव चालू असताना मी त्याच स्कोपमधून पाहिलं, तर खाडीतल्या बोटीच्या झेंड्यावरचं ठिगळ दिसलं! आता सांगा."

"तुम्हीच सांगा."

"दोन स्कोप आहेत. दुपारी ही अस्सल वापरते. संध्याकाळी राखणदार चिमणकडे जमा करते तो डुप्लिकेट. दुसऱ्या दिवशी परत बदलते."

"सोपं आहे," अमृतराव प्रभावित होऊन म्हणाले.

"चोराने अस्सल माल रोज परत आणायचा?" जयश्रीबाई म्हणाल्या. "हौशी चोर दिसतो. तिची झडती घेतलीत?"

"घेतली. काही नाही मिळालं. म्हणजे लपवलाय."

मनिषभाई शेठ बाकावर चहा पीत होते. वापीत त्यांचं खेळाच्या सामानाचं दुकान होतं.

"जुओ, बघा ताई, आपला धंदाच आहे," ते म्हणाले. "चांगल्या काचेत कडेपासून कडेपर्यंत एकसरखं साफ दिसतं. ह्याच्यात दिव्याभोवती मोठं वर्तुळ, मधे पण दूध सांडल्यासारखं. काचेवरचं कोटिंग हलकं. चार हजार, बस. क्लबला ठेवायचा नसेल तर मी घेऊन जातो. शोकेसमधे लावीन."

"नंबर पाहिलात?"

"कंपनीचाच आहे. पण नकलीवाले नंबर पण खोदतात."

"नेम जुळवायची बटणं फिरवून पाहिलीत?"

"एवढा टाइम कुठे? साहेब घाईत होते."

अमृतरावांनी बहिणीच्या कानाशी तोंड नेलं. "हाच. नकली म्हणायचं आणि चार हजारांत न्यायचा. मी बँकेत अशी माणसं पाहिलीत."

"काल सकाळी जीवनरावांनाही धुरकट दिसलं, तेव्हा हे वापीत होते, दादा."

अमृतरावांनी संशय परत घेतला.

कपाटाची किल्ली दोघांकडे असे, सेक्रेटरींकडे आणि राखणदार चिमण तांडेलकडे. चिमणकाका धाकटी डहाणूचे. सारं आयुष्य बोटीवर गेलेलं, गुडघे गेले तेव्हा किनाऱ्यावर आलेले. त्यांनी कपाट उघडलं. कुलूप, कडी, बिजागरी, कशाचाही आवाज झाला नाही.

"समुद्राला एवढं लागून, आणि गंज कुठेच नाही," जयश्रीबाई म्हणाल्या.

"माझ्या हाताखाली गंज? नाय बाय. बोटीवरची सवय. रोज सांजेला सगळं लोखंड पुसून ठेवायचं. खाऱ्या हवेला दया नसते."

"हा पण पुसता?"

"हा तर आधी. सगळ्यात भारी वस्तू." चिमणकाकांनी दोन्ही हातांनी स्कोप बाहेर काढला. फळीवरून काळ्या मुंग्यांची एक ओळ त्याच्या डब्याकडे चालली होती. काकांनी ती हलकेच फुंकून घालवली.

जयश्रीबाईंनी स्कोप डोळ्याला लावला. दुपार झाली होती. खाडीतल्या बोटीवर एक माणूस विडी शिलगावत होता, त्याची काडी दिसली. त्यांनी वरचं बटण फिरवलं. टक, टक, टक. प्रत्येक टिचकी स्वच्छ, मोजून घ्यावी अशी. मग नळीवरून बोट फिरवलं आणि बोटाकडे पाहिलं. बारीक धूळ चिकटली होती.

"रविना, सरावाच्या आधी तू काय करतेस?"

"रायफलवर बसवते. रोज उतरवायला लावतात, म्हणून रोज नेम नव्यानं जुळवायचा. आणि काच पुसते मऊ कापडानं. कापड लगेच चिकट होतं. मला वाटलं, समुद्राची हवा."

"आज पुसलीस?"

"आज कोण हात लावू देतंय?"

"बरं. जीवनराव, आज सराव नाही. स्कोप नेहमीसारखा चिमणकाकांकडे राहू द्या. उद्या सकाळी ऊन चढायच्या आत सगळ्यांनी इथे यायचं. मनिषभाई, तुम्हीसुद्धा. पोलिसांकडे त्यानंतर जा, हवं तर मी सोडते."

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे आले. तुळशी मफलर गुंडाळून दाराशी उभी राहिली, बसली नाही. अमृतरावांच्या हातात निळी बाटली होती, आणि ती का आणायला सांगितली ते त्यांना ठाऊक नव्हतं. तरी चेहरा ठाऊक असल्यासारखा होता.

जीवनरावांनी स्कोप डोळ्याला लावला आणि विजयाने खाली ठेवला. "धुरकट!"

मनिषभाईंनी पाहिलं. "दूध सांडलंय. डुप्लिकेट."

"रविना रात्री झरीला होती," जयश्रीबाई म्हणाल्या. "काल तिने याला हातही लावला नाही. मग दुपारचा अस्सल बदलला कोणी?"

जीवनरावांनी चिमणकाकांकडे पाहिलं. काकांचा चेहरा उतरला.

"त्यांच्याकडे नका पाहू. दादा, बाटली द्या." त्यांनी बाटली स्कोपशेजारी ठेवली. आतलं खोबरेल पांढरंशुभ्र, घट्ट. मग दोन्ही उचलून त्यांनी खिडकीच्या उन्हात ठेवलं. "आता चहा घेऊ."

"चहा?" जीवनराव म्हणाले. "इथे लाखोंची चोरी झालीय!"

"म्हणूनच. साखर जरा जास्त."

चहा झाला. उन्हं खिडकीच्या फळीवर पसरली. बाटलीतलं तेल आधी कडेने सुटलं, मग मधला गोळा तरंगू लागला, आणि शेवटी सगळं पाण्यासारखं नितळ झालं. जयश्रीबाईंनी रविनाचं मऊ कापड काचेवरून दोन्ही बाजूंनी फिरवलं आणि स्कोप मनिषभाईंच्या हाती दिला.

मनिषभाई बराच वेळ खाडीकडे बघत राहिले. "ठिगळ दिसतंय," ते हळूच म्हणाले. "शिवणीसकट."

"कारण स्कोप एकच आहे. दुसरा कधी नव्हताच." जयश्रीबाईंनी कापड वर धरलं. "हे हुंगा. कुलूप वाजत नाही, नळीला धूळ चिकटते, डब्याला मुंग्या येतात, पुसलं की कापड चिकट होतं. काका संध्याकाळी स्कोप पुसतात, पण कोरडा नाही. रात्री थंडीने तेल थिजतं आणि काचेवर साय धरते. सकाळी बघणाऱ्याला नकली दिसतो. दुपारी तेल पातळ होतं, रविना पुसते आणि अस्सल दिसतो. संध्याकाळी काका पुन्हा लावतात."

"मशीनचं तेल नाय लावलं मी," चिमणकाका घाबऱ्या आवाजात म्हणाले. "कुलपाला ते. ह्याला खोबरेल. घरचं, घाण्यावरचं. एवढी भारी वस्तू, तिला हलकं तेल कसं लावायचं?"

मनिषभाईंनी कापड हुंगलं आणि मान डोलावली.

"पण अस्सल कशावरून?" जीवनराव अजून हार मानत नव्हते. "साफ दिसतो म्हणून?"

"साफ काच नकलीतही मिळते. रविना, तू सांग."

रविनाने पहिल्यांदा मान वर केली. तिने स्कोप पकडीत घट्ट बसवला, मैदानापलीकडच्या बांधावर चौकटीचा कागद टांगला आणि स्कोपच्या काचेतली मधली फुली एका ठिपक्यावर आणली. मग टिचक्या मोजत वर, तितक्याच उजवीकडे, तितक्याच खाली, तितक्याच डावीकडे. "चौकोन पुरा झाला की फुली परत त्याच ठिपक्यावर यायला पाहिजे. हलक्या स्कोपमधे येत नाय, भटकते. बघा."

मनिषभाईंनी पाहिलं. फुली ठिपक्यावर होती. केसभरही इकडे तिकडे नाही.

"दोन लाख दहा," ते म्हणाले. "विम्यासाठी सव्वादोन लिहितो."

"आणि शोकेस?" अमृतरावांनी विचारलं.

"शोकेसमधे बॅडमिंटनच्या रॅकेटी बऱ्या दिसतात," मनिषभाई म्हणाले, आणि रिकामा कप पुन्हा तोंडाला लावला.

जीवनरावांनी घसा साफ केला. "सदर प्रकरणी गैरसमज झाल्याचे निदर्शनास आल्यामुळे खेळाडूचे नाव पूर्ववत..."

"सायेब," तुळशी दारातून म्हणाली. "चोर बोललात तेव्हा साधं बोललात. मैदानावर, सगळ्यांदेखत. आता पण साधं बोला."

जीवनरावांनी मैदानाकडे पाहिलं. सरावाला आलेली पाच-सहा मुलं कुंपणाशी उभी होती. ते पायरीवर गेले.

"रविनाने चोरी केलेली नाही," ते म्हणाले.

"जोरात."

"रविनाने चोरी केलेली नाही! ती रविवारी पुण्याला जाणार!"

कुंपणाशी टाळ्या वाजल्या. मग तुळशी बसली, पायरीवरच, आणि डोक्यावरचा मफलर सोडला. "हां," ती म्हणाली. "आता चहा द्या."

आत रविना चिमणकाकांच्या हातात मऊ कापड देत होती. "काका, हे घ्या. कोरडं. फक्त फुंकायचं आणि पुसायचं."

"तेल बिलकूल नाय?"

"बिलकूल नाय."

काकांना ते अन्यायाचं वाटलं असावं. त्यांनी कपाटामागून आपली खोबरेलाची बाटली काढली, उजेडात धरली, आणि मग त्यांची नजर अमृतरावांच्या डोक्यावर जाऊन थांबली.

"सायेब, तुम्ही न्या," ते मायेने म्हणाले. "गंज चढू नये म्हणून."