अठ्ठावन्न वर्षं घरी नसलेला माणूस

आमची पहिली भेट झाली तेव्हा तो टेबलाखाली होता.

पदक विभाग, तिसरा मजला, खिडकी क्रमांक चार. आत रिकामी खुर्ची आणि टेबलावर फडफडणारे कागद. मी काच वाजवली, तर खालून आवाज आला, “हलू नका. टाचणी पडलीये.”

“मी येऊ का शोधायला?”

“आत यायला पास लागतो.”

मग डोकं वर आलं. केसांत जळमट, चष्मा कपाळावर, आणि शर्टाच्या कॉलरला ओळीने सात टाचण्या खोचलेल्या. चेहरा बरा होता. बरा म्हणजे... पुन्हा एकदा बघून खात्री करून घ्यावी इतका.

“सापडली?”

“नाही. म्हणजे ती तुमच्या बाजूला आली असणार. जपून पाय टाका.”

पहिल्या मिनिटात माझी इतकी काळजी आजवर कुणी केली नव्हती. मी ड्रायव्हिंग शिकवते. लोक मला रोज भिंतीवर नेऊन आपटायच्या तयारीत असतात.

मी काम सांगितलं. आजोबांचे मोठे भाऊ युद्धात गेले, त्याला अठ्ठावन्न वर्षं झाली. त्यांची तीन पदकं सरकारने जाहीर केली होती, ती घरी कधी आलीच नाहीत. आजोबांचा उजवा डोळा गेलाय. डाव्याला डॉक्टरांनी सहा महिने दिलेत. तेवढ्यात त्यांना ती पदकं बघायची आहेत.

तो आत गेला आणि दोन्ही हातांनी फाईल घेऊन आला. पानं उलटली. चष्मा कपाळावरून नाकावर आला.

“तुमचे हे मोठे आजोबा जिवंत आहेत,” तो म्हणाला.

“अगंबाई! मग इतकी वर्षं एक फोन नाही?”

“कागदोपत्री म्हणतोय मी.”

त्याने फाईल माझ्याकडे फिरवली. दरवर्षी ऑफिसने पत्र पाठवलं होतं: पदके स्वीकारण्यासाठी समक्ष हजर राहावे. आणि दरवर्षी घरून उत्तर आलं होतं: ते सध्या घरी नाहीत. आल्यावर कळवू. अशी अठ्ठावन्न उत्तरं, सगळी एकाच हाताची. ते अक्षर मी झोपेतही ओळखलं असतं. माझे आजोबा दुकानांच्या पाट्या रंगवायचे.

“पण ते लढाईत गेले हे सरकारला माहीत असेल ना?”

“ती यादी पाचव्या मजल्यावर असते. पाचवा मजला आम्हाला काही सांगत नाही, आम्हीही विचारत नाही. एका टेबलफॅनवरून बोलणं बंद आहे.” त्याने एक छापील फॉर्म पुढे सरकवला. “आजोबांनी एवढी एक ओळ लिहून सही करायची. भाऊ युद्धात मृत्यू पावले. बस.”

घरी येऊन मी आजोबांना विचारलं.

“तार आली ना, त्या दिवशी आई म्हणाली, असलं काही माझ्या घरातून लिहून जाणार नाही,” आजोबा म्हणाले. “कुणी विचारलं तर सांगायचं, सध्या घरी नाही. मी हो म्हटलं.”

“आजोबा, पणजीला जाऊन तीस वर्षं झाली.”

“झाली की. पण मी हो म्हटलं होतं ना.”

“मग पदकं?”

“आणतेस का तू? की नुसतेच प्रश्न विचारतेस?”

मी पुन्हा तिसऱ्या मजल्यावर गेले. मग पुन्हा. चौथ्या खेपेला मी जाताना कानातले बदलले, हे आईच्या लक्षात आलं. “पदकांचं ऑफिस फारच औपचारिक दिसतंय,” एवढंच ती म्हणाली.

तोही सुधारला होता. जळमट गेलं होतं. टाचण्या सातच होत्या, पण आता रंगीत डोक्यांच्या.

“आजोबा लिहीत नाहीत?” त्याने विचारलं.

“नाही. तुम्ही लिहा ना त्यांच्या वतीने.”

“मग मला नोकरीवरून काढतील.”

“मी गाडी शिकवीन. टॅक्सी चालवा.”

“मला गाडीची भीती वाटते.”

“तुम्ही माझ्या शेजारी बसाल. माझ्या बाजूलाही ब्रेक असतो.”

“शेजारी...” तो म्हणाला, आणि त्याने फाईलच्या दोरीला विनाकारण गाठ मारली. मग ती सोडवली. मग पुन्हा मारली. खिडकीखाली माझा उजवा पाय आपोआप फरशीवर दाबला गेला. धंद्याची सवय. समोर धोका दिसला की पाय जातो.

“एक नियम आहे,” तो फाईलकडे बघत म्हणाला. “सतरावा. पदकं घरपोच देता येतात. ज्याची पदकं तो घरी नसेल, तर घरातल्या सज्ञान माणसाच्या हाती द्यायची.”

“हे तुम्ही आत्ता सांगताय? चौथ्या खेपेला?”

“मला दुसऱ्याच खेपेला सापडला होता.” त्याचे कान तांबडे झाले. “साहेबांची सही घ्यायची होती...”

“आणि साहेब काय म्हणाले?”

“म्हणाले, अठ्ठावन्न वर्षं घरी नाही, यापेक्षा भक्कम पुरावा कुठला?”

रविवारी सकाळी दहाला तो आला. इस्त्रीचा शर्ट, हातात लाकडी पेटी, काखेत पावतीपुस्तक. आजोबा आठ वाजल्यापासून कोट घालून बसले होते.

दार उघडंच होतं, तरी त्याने बेल वाजवली आणि नियमाप्रमाणे खणखणीत आवाजात विचारलं, “सैनिक क्रमांक चारशे बारा घरी आहेत का?”

आजोबा उठले. दारापर्यंत गेले. तोंड उघडलं... आणि कोटाचं बटण चाचपत राहिले. आई स्वयंपाकघराच्या दारात थबकली. माझा पाय पुन्हा फरशीवर दाबला गेला.

“सध्या नाहीत,” आजोबा शेवटी म्हणाले. “मी धाकटा भाऊ.”

“मग तुमच्याकडे देतो.”

पेटी उघडली. तीन पदकं. आजोबांनी एकेक उचलून डाव्या डोळ्याला अगदी चिकटवलं, खिडकीकडे वळवलं, बोट भावाच्या नावावरून फिरवलं. फार वेळ. मग खाकरून म्हणाले, “अक्षरांत अंतर चुकलंय. शेवटी जागा पुरली नाही, म्हणून दाबून बसवलंय.”

“तक्रार नोंदवू का?” त्याने गंभीरपणे विचारलं.

“राहू द्या. तो पण असाच होता. कुठेही दाबून बसायचा.”

मग पावती. वरची प्रत घरी राहणार, खालची ऑफिसात जाणार, मध्ये कार्बन. आजोबांनी सही केली, नातं लिहिलं. शेवटचा रकाना आला: पदकधारक केव्हा परतणे अपेक्षित आहे?

आजोबांचं पेन थांबलं.

त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं. मग वाकून दोन कागदांमधला कार्बन हळूच ओढून काढला आणि घडी करून खिशात ठेवला.

“आता लिहा,” तो आजोबांना म्हणाला. “हे आमच्याकडे उमटणार नाही. घरातून काही जाणार नाही.”

आजोबा त्याच्याकडे बघत राहिले. मग खाली वाकले आणि पाटीवर रंगवतात तसं, एकेक अक्षर सुटं, नीट अंतर ठेवून लिहिलं: आता येणार नाही.

पेन खाली ठेवलं. चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला. “चहा टाका गं कुणीतरी,” ते म्हणाले. “पोरगा उन्हातून आलाय.”

मी त्याला बसस्टॉपपर्यंत सोडायला गेले. वाटेत दोघंही गप्प. माझ्यासारख्या बाईला दोनशे पावलं गप्प राहणं म्हणजे उपासच.

“रकाना कोरा कसा, असं ऑफिसात विचारलं तर?” मी शेवटी म्हटलं.

“सांगेन, कार्बन जुना झालाय. आठ वर्षं मागतोय, नवीन देत नाहीत.”

“थँक्यू.”

“तुमची फाईल उद्या बंद होईल,” तो म्हणाला. “म्हणजे आता तिसऱ्या मजल्यावर यायचं काही कारण... उरलं नाही.”

“घरात अजून कुणी युद्धात गेलंय का, बघते.”

तो हसला नाही. स्टॉपवरच्या बाकावर पिशवी घेऊन एक आजीबाई बसल्या होत्या. त्यांनी पिशवी मांडीवर घेऊन आमच्यासाठी जागा केली. आम्ही उभेच राहिलो.

“मला एक सांगायचंय,” तो म्हणाला. “मला... तुम्ही खिडकीशी आलात की... म्हणजे त्या दिवशी टाचणी मला पहिल्याच मिनिटात सापडली होती. खिडकीखालच्या फटीतून तुमच्या चपला दिसल्या, म्हणून वर यायला उशीर केला.”

“चपला?”

“एक निळी होती, एक काळी.”

“घाईत निघाले होते मी!”

“हो. मला वाटलं, ही बाई कुणासाठी तरी फार घाईत आलीये. आपल्यासाठी कुणी असं आलं तर... किती बरं होईल.” त्याने एक श्वास घेतला. “आवडता तुम्ही मला. लेखी हवं असेल तर—”

“तोंडी चालेल,” मी म्हटलं. आवाज माझाच होता, पण बराच बारीक झाला होता.

बस आली. दार उघडलं. त्याने एक पाय पायरीवर ठेवला आणि तसाच वळून बघत राहिला. कंडक्टर बघत होता, ड्रायव्हर आरशातून बघत होता, आजीबाई तर पिशवी विसरून बघत होत्या.

“बोल गं बाई काहीतरी,” त्या म्हणाल्या. “मला घरी जायचंय.”

“चढू नका,” मी त्याला म्हटलं.

“हे उत्तर आहे का?”

“आधी उतरा. मग सांगते.”

तो उतरला. आजीबाई चढल्या, खिडकीपाशी बसल्या आणि वळणावर दिसेनाशा होईपर्यंत आमच्याकडे बघत राहिल्या.