फाईल बंद होत नाही

आमच्या शीतगृहात दिवस घड्याळावर संपत नसे, फाईलवर संपत असे.

काम तसं सरळ होतं. सफरचंदांचे क्रेट खोलीत रचायचे, दार हवाबंद करायचं आणि मग आतला प्राणवायू काढून घ्यायचा. त्याशिवाय फळ महिनोन्महिने ताजं राहत नाही. फळाला हे मानवतं, माणसाला नाही. म्हणून खोलीत जाणाऱ्या प्रत्येकाची आत गेल्याची आणि बाहेर आल्याची वेळ ऑफिसातल्या एक्सेल फाईलमध्ये नोंदवायची असे. दारावरून फोन यायचा, मी वेळ भरायचे. सगळे बाहेर आले की मी फाईल बंद करायचे आणि खिडकीतून मिस्त्रीला हात करायचे. तो हात दिसल्याशिवाय मिस्त्री प्राणवायू काढणाऱ्या व्हॉल्व्हला शिवत नसे.

आता संध्याकाळी घरी जायच्या घाईत माणूस काय करतो? डोळे झाकून फाईलच्या कोपऱ्यातल्या फुलीवर टिचकी मारतो. म्हणून मी एक मॅक्रो, म्हणजे फाईलमध्येच आपोआप चालणारा छोटा प्रोग्रॅम लिहिला. कोणी फाईल बंद करायला गेलं, की मॅक्रो आधी सगळ्या ओळी वाचणार. एखाद्याची बाहेरची वेळ रिकामी असेल, तर खोलीचा क्रमांक आणि त्याचं नाव दाखवणारी चौकट पुढे येणार, आणि फाईल बंद व्हायला चक्क नकार देणार. चार-पाच ओळींचा कारभार, पण मला त्याचा फार अभिमान होता, आणि तो मी लपवतही नसे.

वहिनी आमच्याकडेच क्रेट मोजायला होती. ती म्हणायची, "आमच्या वन्सं घरीही दार अडवतात, इथेही."

मॅक्रोशी वाकडं होतं ते आमच्या मॅनेजरचं. त्यांना सगळे पाठीमागे चला-चला म्हणत, कारण त्यांच्या तोंडात दुसरा शब्द नसे. एका संध्याकाळी सगळ्यांच्या वेळा भरलेल्या असताना चौकट आली. 'खोली एक', आणि नावाच्या जागी काहीच नाही. चला-चलांनी कपाळाला हात लावला. मिस्त्रीने दार उघडलं, तर क्रेटच्या मागून एक मांजर अंग झटकत बाहेर आलं.

"तुमचा मॅक्रो आता मांजरंही मोजायला लागला का, मॅडम?" चला-चलांनी विचारलं.

सगळे हसले, मीही हसले. कुठेतरी रिकामी ओळ राहिली असणार, असं मी त्यांना सांगितलं. घरी जाताना मात्र मला आठवलं की रिकामी ओळ मी शोधली होती, आणि ती सापडली नव्हती.

त्यानंतर थोड्याच दिवसांत तीन नंबरची खोली भरली. माल उशिरा आला होता, ट्रकवाले भांडत होते, दारावरचा फोन सतत वाजत होता. मी ट्रकवाल्यांशी बोलायला खाली उतरले, तेवढ्यात माझ्या खुर्चीत चला-चला बसले. मी वर आले तेव्हा सगळ्या वेळा भरलेल्या होत्या. एकसारख्या, ओळीने.

"फोन आले?" मी विचारलं.

"सगळे आले बाहेर. चला, चला, बंद करा."

मी फुलीवर टिचकी मारली. चौकट आली. 'खोली तीन', आणि पुढे वहिनीचं नाव.

मी ओळ पाहिली. वहिनीची बाहेरची वेळ भरलेली होती. पुन्हा टिचकी मारली. पुन्हा तीच चौकट, तेच नाव.

"झालं या फाईलचं सुरू," चला-चला म्हणाले. "सरळ संगणकच बंद करून टाका. मिस्त्रीला मी हात करतो."

त्यांनी हात वर उचललाही होता. मी तो धरून खाली ओढला. मॅनेजरचा हात मी असा कधी धरेन असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. भीती वाटत होती ती नोकरीची नव्हे, वहिनीच्या जिवाची.

"या वेळा तुम्ही एकेक भरल्यात की पहिली भरून खाली ओढल्यात?"

त्यांची नजर खिडकीकडे वळली. एक्सेलमध्ये एक वेळ लिहून तिचा कोपरा धरून खाली ओढला, की सगळ्यांच्या वेळा आपोआप भरतात. आत असलेल्यांच्याही.

"दार उघडा!" मी खिडकीतून ओरडले.

मिस्त्रीने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग म्हणाला, "ताईंचा हात दिसला नाही साहेब, त्यामुळे मी काही व्हॉल्व्ह फिरवणार नाही," आणि त्याने दार सरकवलं.

वहिनी अगदी मागच्या भिंतीशी होती. क्रेटची चळत कलंडून तिच्या पायावर आली होती, आणि डोकं भिंतीवर आपटून ती बेशुद्ध पडली होती. आम्ही तिला उचलून बाहेर आणलं. उतरत्या उन्हात तिने डोळे उघडले, आणि अंगणभर नुसता कल्ला झाला. भांडणारे ट्रकवालेही टाळ्या वाजवत होते. मिस्त्री चक्क रडला. मी वर जाऊन फुलीवर टिचकी मारली, आणि फाईल गुमान बंद झाली.

त्यानंतरचे दिवस माझे होते. मालकांनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं. चला-चलांनी सगळ्यांदेखत माफी मागितली. दादा तर मला बघितलं की नुसता माझ्या डोक्यावर हात ठेवायचा. माझी कॉलर ताठ होती, आणि का नसावी? सगळं जग एका बाजूला आणि माझी फाईल एका बाजूला असताना मी फाईलवर विश्वास ठेवला होता. नवा नियमही झाला: फाईल बंद होत नसेल तर दार उघडायचं, वाद नाही.

वेळ भरलेली असताना मॅक्रोने ते पकडलं कसं, एवढंच मला बघायचं होतं. एका दुपारी मी मॅक्रोच्या ओळी दाखवणारी खिडकी उघडली. आत एकही ओळ नव्हती.

चला-चला शेजारीच उभे होते. "मी काढला होता तो," ते हळूच म्हणाले. "मांजराच्या दिवशीच. साध्या प्रकारात सेव्ह केली फाईल. त्यात मॅक्रो राहत नाही ना?"

"नाही राहत," मी म्हणाले.

"मग ती चौकट?"

मी मॅक्रो पुन्हा लिहिला, नीट तपासला, आणि त्या विषयावर आम्ही दोघंही परत बोललो नाही.

वहिनी कामावर आली त्या दिवशी सगळ्यांनी तिला दारातच गराडा घातला. मालकांनी तिला आता ऑफिसात, माझ्या शेजारी बसवलं होतं. पूर्वी जिना चढताना ती दोनदा थांबून धापा टाकायची आणि जिना बांधणाऱ्याचा उद्धार करायची. आता ती सरळ वर आली. धाप नाही, श्वासाचा आवाजसुद्धा नाही. किती छान बरी झाली, असं मला वाटलं आणि डोळे भरून आले.

अपघातानंतर रिकामी केलेली तीन नंबरची खोली त्याच दिवशी पुन्हा भरून बंद करायची होती. या वेळी मी प्रत्येक फोन स्वतः घेतला, प्रत्येक माणूस खिडकीतून बाहेर आलेला पाहिला. सगळे अंगणात उभे होते, हसत होते. वहिनी माझ्या शेजारी चहा पीत होती. आज ती खोलीकडे फिरकलीही नव्हती, फाईलमध्ये तिची ओळच नव्हती.

मी फुलीवर टिचकी मारली.

'खोली तीन', आणि पुढे वहिनीचं नाव.

मी तिच्याकडे पाहिलं. तिने चौकट वाचली.

"अगं, मी तर इथे आहे," ती म्हणाली.

"नियम आहे ना. दार उघडायचं."

"कशाला, वन्सं?"

तिने माझ्या हातातला माऊस काढून घेतला. तिची बोटं थंडगार होती. तिने फुलीवर एकच टिचकी मारली.

फाईल बंद झाली.

मी उठेपर्यंत तिने खिडकीतून मिस्त्रीला हात केलाही होता, अगदी माझ्यासारखा. खाली व्हॉल्व्ह फिरल्याचा आवाज आला. मी धावत खाली गेले.

तीन नंबरच्या दाराला पाहणीसाठी एक छोटी काच आहे. तिच्यावर आतून श्वासाची वाफ धरली होती, चेहऱ्याएवढी.