दोन मेणबत्त्या आणि एक चष्मा

"पाय हलवू नका," ती म्हणाली. "पाय हलला की डोकं हलतं, आणि डोकं हललं की माझा नंबर चुकतो."

मी पाय थांबवला. मग बोटं वाजायला लागली, मांडीवरच्या पुस्तकावर.

डोकं दुखतं म्हणून मी त्या चष्म्याच्या दुकानात शिरले होते. दिवसभर प्रयोगशाळेत पाण्याचे नमुने तपासायचे आणि घरी येऊन बारीक टायपातली कादंबरी वाचायची... दुखणारच. आता मागच्या अंधाऱ्या खोलीत चष्मेवाली माझ्यासमोर स्टुलावर बसून, माझ्या नाकावरच्या जड चौकटीत काचा बदलत होती. तिच्या मनगटाला साबणाचा वास होता.

"ही बरी... की ही?"

"पहिली."

"आणि आता?"

"सारख्याच."

"नीट बघा."

नीटच बघत होते मी — फक्त तक्त्याकडे नाही.

तिने दिवा लावला आणि तिची नजर पुस्तकावर गेली. "अय्या! हे वाचताय? कसं वाटतंय?"

जादूच्या जगातली गोष्ट होती ती. कुलपं घडवणारी एक ज्यू मुलगी, आणि वादळं पकडून बाटलीत भरणारी एक जहाजवाली. आधी दोघींचं हाडवैर, मग... वैर राहत नाही. एवढं सांगितलं असतं तरी चाललं असतं. पण खोट काढणं हा माझा धंदा.

"छान आहे," मी म्हटलं. "पण लेखिकेने एक चूक केलीय. शुक्रवारी ती मुलगी आधी मेणबत्त्या लावते, मग डोळ्यांवर हात ठेवते आणि मग प्रार्थना म्हणते. प्रार्थना आधी हवी ना, क्रम उलटा झालाय. वादळं बाटलीत मावतात हे मी चालवून घेतलं हो, पण हे तरी तपासायचं!"

तिच्या हातातली काच हातातच राहिली.

"उलटा नाही. मी दर शुक्रवारी असंच करते. माझी आत्याही."

खुर्चीसकट जमिनीत जावंसं वाटलं मला.

"प्रार्थना म्हटली की शब्बाथ सुरू," ती सांगू लागली. "विश्रांतीचा दिवस. मग आग पेटवायची नसते. म्हणून आधी पेटवायचं, डोळे झाकायचे, म्हणायचं... आणि हात काढले की उजेड जणू आत्ताच आला."

"म्हणजे स्वतःलाच फसवायचं?"

"स्वतःला जरा थांबवायचं, तपासनीसबाई." ती हसली. "माहितेय, गोष्टींत आमची माणसं बहुतेक दुःख भोगायला येतात. ही मुलगी चिडते, उशिरा पोचते, प्रेमात पडते. मी तर खूश झाले... शुक्रवारी या, चष्मा तयार असेल. पण ऊन उतरायच्या आत! आणि पुस्तक संपवून या."

*प्रेमात पडते.* हे तिने केवढ्या सहज म्हटलं! पण तिला पुस्तक आवडलं ते कशामुळे? घरच्या मेणबत्त्या त्यात सापडल्या म्हणून... की दोन मुली त्यात एकमेकींना सापडल्या म्हणून? उत्तर कळल्याशिवाय मला चैन पडेना. आणि चष्मा एकदा हातात पडला की दुकानात जायला निमित्तही उरणार नव्हतं.

प्रयोगशाळेत मी एकाच बाटलीवर दोनदा चिठ्ठी चिकटवली. घरी ताई म्हणाली, "चष्मा करायला टाकलायस की जीव?"

"गप गं," म्हणून मी पुन्हा पुस्तकात तोंड खुपसलं. कुलूपवाली दारात उभी. जहाज सुटायला आलेलं, आणि सूर्य बुडत आलेला. जहाजवाली हाक मारते, तर ही म्हणते, मी आज निघणार नाही, तूच थांब. पहिल्यांदा वाचताना मी वैतागले होते. अगं बाई, जहाज चाललंय! या वेळी मात्र मी जहाजवालीकडे पाहिलं. ती नुसती दोर पुन्हा खुंट्याला बांधते. तेवढंच वाक्य मी वाचत राहिले.

शुक्रवारी नेमका एक नमुना पुन्हा तपासावा लागला. मी धावतच दुकान गाठलं, तर शटर अर्धं खाली!

"वाकून या," आतून आवाज आला. "किती उशीर!"

तिने स्वतः माझ्या कानांवर चष्मा बसवला.

"काही त्रास?"

"आहे. सगळं फारच स्पष्ट दिसतंय." तिच्या भुवईवरचा लहानसा व्रणसुद्धा. "पुस्तक संपलं. मला... त्या दोघी आवडल्या. दोघी, म्हणजे एकत्र. तुम्हाला?"

ती काही बोलणार तोच वरच्या मजल्यावरून आवाज आला, "अगं ए, सूर्य काय तुझ्यासाठी थांबणारेय?"

"आत्या," ती पुटपुटली. शटर ओढून घेतलं. क्षणभर माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही थांबाल?"

दोर खुंट्याला बांधायचा तो असा, माझ्या मनात आलं. मी मान हलवली.

"ही कोण?" वर आत्याने विचारलं.

"चुका काढते."

"बरं झालं. ताटं मांडताना उपयोगी पडेल." आत्या स्वयंपाकघरात गेली.

खिडकीत ऊन कडेला आलं होतं. तिने दोन मेणबत्त्या लावल्या, डोळ्यांवर हात ठेवले आणि हलक्या आवाजात म्हणू लागली. शब्द मला कळत नव्हते. माझा पाय, कितीतरी दिवसांत पहिल्यांदाच, स्थिर होता.

तिने हात काढले. पण ज्योतींकडे पाहिलंच नाही.

"मलाही," ती म्हणाली. "दोघी. एकत्र."

"मग खाली का नाही सांगितलंस?"

"लावून झालं होतं... म्हणायचं राहिलं होतं."

"मग माझंही ऐक. मला तू आवडतेस."

"ऐकू आलं हो," आतून आत्या म्हणाली. "आता ताटं मांडा."

ती लाजून लाल झाली. तिने दोन्ही हातांनी पुन्हा डोळे झाकले. मग हळूच हात बाजूला केले आणि माझ्याकडे पाहिलं, जणू मी आत्ताच आले होते.