सहा नंबरचा पट्टा

विश्वास ठेवा किंवा ठेवू नका, यातला एकही शब्द मी पदरचा घातलेला नाही.

हे घडलं माझ्या मोठ्या मावशीच्या बाबतीत. गेल्या वर्षी, एका मंगळवारी. रात्र नव्हती, निर्जन रस्ताही नव्हता. दुपारचे अडीच वाजले होते आणि विमानतळाच्या नव्या टर्मिनलमध्ये लख्ख ऊन होतं.

मावशी शाळेच्या प्रयोगशाळेत सहायक आहे. त्या दिवशी ती मामाला घ्यायला गेली होती.

मामा म्हणजे आमच्या आजीचं शेंडेफळ. आजी गेली तेव्हा तो चार वर्षांचा होता. मावशीनंच त्याला लहानाचं मोठं केलं. पुढे तो परदेशी गेला, जहाजं दुरुस्त करणाऱ्या यार्डात वेल्डर म्हणून. सहा वर्षांत एकदाही आला नव्हता.

शेवटचे आठ महिने तर फोनवरही बोलत नव्हता. मावशीनं फोन लावला की तो कापायचा आणि लिहायचा, "यार्डात बोलता येत नाही अक्का. लिहून पाठव."

ती लिहायची. भरभरून लिहायची.

मधे पंधरा दिवस त्याच्याकडून काहीच आलं नाही. आणि सोमवारी संध्याकाळी अचानक...

"उद्या येतोय. दुपारी अडीचचं विमान. नवं टर्मिनल. भावोजींना सांगू नकोस."

मावशीला हसू आलं. याच्या खोड्या काही जायच्या नाहीत, असं म्हणत तिनं अर्ध्या दिवसाची रजा टाकली. काकांना, म्हणजे तिच्या नवऱ्याला, शाळेत तपासणी आहे म्हणून सांगितलं.

टर्मिनल उघडून तीनच आठवडे झाले होते. रंगाचा वास गेला नव्हता. खुर्च्यांवरचं प्लास्टिक तसंच होतं. समोर छतापर्यंत काच, आणि काचेपलीकडे सामानाचे पट्टे.

विमान वेळेवर उतरलं. लोक बाहेर येऊ लागले. मिठ्या, रडणं, ट्रॉल्यांची खडखड.

मग गर्दी पांगली.

मामा आला नाही.

शेवटचा माणूस जाऊन वीस मिनिटं झाली. हॉलमध्ये चिटपाखरू उरलं नाही. समोरचं दार आपोआप उघडलं... आणि मिटलं.

कोणी आलं नव्हतं.

पुन्हा उघडलं... पुन्हा मिटलं.

मावशी काचेपाशी गेली. आणि तिचा जीव भांड्यात पडला.

सहा नंबरच्या पट्ट्यापाशी मामा उभा होता. पाठमोरा. पट्टा बंद होता, त्यावर एकही बॅग नव्हती. तरी तो खाली मान घालून वाट बघत होता.

मावशीनं काच वाजवली. त्यानं वळून पाहिलं नाही. आत एक सफाईवाली फरशी पुसत होती. मावशीनं तिला खुणेनं सांगितलं, त्याला जरा हाक मारा.

बाईनं पट्ट्याकडे पाहिलं. मग मावशीकडे.

आणि हातानंच विचारलं... कोणाला?

मावशीनं फोन लावला. काचेपलीकडे मामानं खिशातून फोन काढून कानाला लावला.

"अरे, बाहेर ये ना. मी इथं काचेपाशी आहे."

पलीकडून त्याचा आवाज आला. अगदी त्याचाच.

"भावोजी सोडत नाहीत गं अक्का."

फोन कट झाला.

आता मी कुठे होते ते सांगते.

मी काकांच्या चष्म्याच्या दुकानात काम करते. त्या दुपारी दुकानात आम्ही दोघंच होतो. जुन्या फ्रेम्सच्या खणातून घरघर ऐकू आली...

काकांनी खण ओढला. आत मामाचा फोन होता. पंधरा दिवस चार्ज न केलेला. त्याचा उजेड पडला होता आणि त्यावर लिहिलं होतं, 'अक्का'.

आम्ही हात लावला नाही.

फोन आपोआप उचलला गेला. एक सेकंद... दोन सेकंद... आकडे पळू लागले. त्यातून मावशीचा आवाज आला. मग दुसरा.

तो आम्ही दोघांनीही ऐकला. काकांनी घाईघाईनं खण लावून टाकला.

कारण मामाला जाऊन आठ महिने झाले होते.

त्याच फोनवरचा सोमवारचा मेसेज वाचून आम्ही टर्मिनलवर पोहोचलो तेव्हा मावशी काचेकडे तोंड करून बसली होती. आत आता कोणी नव्हतं. काकांनी सगळं सांगितलं. यार्डातला अपघात. तिथेच उरकलेले अंत्यविधी. पार्सलनं आलेला फोन.

"तुझ्या हृदयाच्या ऑपरेशनच्या आदल्या दिवशीच कळलं. डॉक्टर म्हणाले, धक्का बसता कामा नये."

"ऑपरेशनला आठ महिने झाले," मावशी म्हणाली.

काका चष्मा काढून पुसू लागले.

"अजून कोणाला माहीत होतं?"

"सगळ्यांना," काका म्हणाले. म्हणजे माझ्या आईलाही. सख्ख्या बहिणीला.

"आणि मला लिहीत कोण होतं?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं.

आठ महिने मीच मामा झाले होते. सुरुवातीला काका सांगायचे तसं मी लिहायचे. पुढे पुढे मला सांगावंही लागत नव्हतं. मावशीनं त्याला ऑपरेशननंतरची भीती लिहिली, काकांबद्दलच्या तक्रारी लिहिल्या, मूल नसल्याचं दुःख लिहिलं. ते सगळं मी वाचलं. उत्तरंही दिली. शेवटी मला ते झेपेना, तेव्हा पंधरा दिवसांपूर्वी मी तो फोन खणात टाकून दिला होता.

पण सोमवारचा तो मेसेज माझा नाही. काकांचाही नाही. मामाच्या फोनमध्ये तो गेलेल्या मेसेजेसमध्ये दिसतो. वेळ संध्याकाळी सात वाजून दहा मिनिटं. तेव्हा दुकानाला कुलूप होतं.

मावशी हल्ली शाळेजवळ एक खोली घेऊन एकटी राहते. काकांशी बोलत नाही, आईशीही नाही. मला एकदाच दारात उभं केलं तिनं. घरात नाही.

मी म्हटलं, "मावशी, शपथ घेते, तो मेसेज मी केला नव्हता. तो मामाच होता."

"तुझी शपथ?" ती म्हणाली.

 मग आवाज अगदी खाली आणून म्हणाली, "आठ महिने तो बोलतोय असं वाटत होतं, तेव्हा तू होतीस. मग त्या दुपारी तरी तो होता, हे मी कोणाच्या भरवशावर मानू?"

 दार लावता लावता ती थांबली.

"आणि असलाच तो," ती म्हणाली, "तर बाहेर आला का गं?"

आमच्यापैकी कोणीही पुन्हा त्या टर्मिनलवर गेलेलं नाही.